माता आहे का?

परवा माझ्या नाणेसंग्रहाचा भाव किलोवर निघाला. मंडईतला बटाटेवालासुद्धा दोन बटाटे हातात घेऊन बघतो. या जुन्या नाण्यांच्या दुकानातल्या पोरानं तेवढंही केलं नाही. शाळेत असताना पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी उकिडवं बसून, धूळ खाऊन जमवलेली ॲल्युमिनियमची नाणी (चौकोनी पाच पैसे, सहा कोनांचे तीन पैसे, कंगोऱ्यांचे दहा पैसे) त्यानं स्टीलच्या ताटलीत ओतली, ताटली काट्यावर ठेवली आणि म्हणाला, "काका, हा माल असाच जातो."

'काका' हे वेगळं दुखणं आहे. ते पुन्हा कधीतरी.

मागची कहाणी फारशी नाही. नोकरीपायी पुणं सुटलं, छंदही सुटला, डबा आईच्या कपाटात राहिला. आता आमची इमारत रीडेव्हलपमेंटला चालली आहे, तेव्हा आईचं फर्मान निघालं, "तुझं ते डबडं घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देते." भंगारवाल्यापेक्षा जाणकाराला द्यावं म्हणून मी पेठेतलं हे दुकान गाठलं.

माझ्या आधी एक गृहस्थ बसले होते. सत्तरी ओलांडलेली, उन्हाळ्यातही हाफ स्वेटर, मांडीवर रेक्झिनची बॅग. माझा डबा उघडल्यापासून ते मान लांब करून बघत होते. शेवटी राहवेना.

"माता आहे का?"

मला वाटलं, चौकशी करताहेत. म्हटलं, "आहे की. घरी कपाटं आवरतेय."

"तशी नाही हो! वैष्णोमाता. पाच रुपयांवरची."

"ती नाही."

"नाही?" त्यांनी डब्यात परत एकदा डोकावून बघितलं. "मग एवढं ओझं कशाला आणलंत?"

त्यांनी बॅग उघडली. बॅगेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत औषधाचं पाकीट, पाकिटात रुमाल आणि रुमालात, कापराच्या वासासकट, पाच रुपयांचं नाणं. वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचं, २०१२ सालचं. असली नाणी पाचाची आणि दहाची अशी दोन्ही निघाली होती आणि माझ्या आठवणीत दूधवाल्यानं सुट्ट्यात दिलेली आहेत.

"दहा लाख," काका कुजबुजले. "व्हिडिओ आहे."

"पण काका, ही नाणी..."

"बोली लागलेली आहे. नोंदणीचे अडीच हजार भरलेत मी. आता फक्त जीएसटी भरायचा राहिलाय. रिझर्व्ह बँकेतल्या साहेबांचा फोन येतो अधूनमधून. फार सभ्य माणूस. हिंदीत बोलतात."

"मग इथे कसे आलात?"

"सेकंड ओपिनियन."

मी शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं की रिझर्व्ह बँक जुनी नाणी अशी विकतही घेत नाही आणि त्यासाठी फी-बी तर मुळीच मागत नाही. आपल्या नावानं असले धंदे चालतात, सावध राहा, असं तिनं २०२१ मध्ये जाहीर पत्रकच काढलंय. काकांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं, की मलाच माझी कीव आली.

"पत्रक काढणारच! लोकांनी घाबरून कमी भावात द्यावं म्हणून. तुम्ही नोकरी करता ना? वाटलंच. आमचा मुलगा अस्संच म्हणतो, फोन उचलू नका म्हणून. त्याला काय कळतंय, आयटीत आहे."

खरं सांगायचं तर मला हसू आलं नाही. त्या सभ्य हिंदी साहेबाच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि नाइलाजानं मी बाटलीतलं पाणी प्यायलो.

एवढ्यात पोराच्या हाताला माझा बंदा रुपया लागला. पंचम जॉर्जचा, १९१२ चा, आजीच्या देव्हाऱ्यातला. संग्रहातला माझा मानकरी. याची एक गंमत आहे. आदल्या वर्षी, १९११ साली, जो रुपया निघाला त्यात राजाच्या झग्यावरच्या साखळीतल्या हत्तीची सोंड इतकी आखूड पडली, की लोकांना तो हत्ती डुक्कर वाटला. बोभाटा झाला. सरकारनं बरीचशी नाणी मागे घेऊन वितळवली आणि १९१२ ला हत्तीला व्यवस्थित सोंड काढून दिली. हे सगळं मी रंगात येऊन सांगितलं. पोरानं भिंग लावून शांतपणे हत्ती बघितला.

"सोंड आहे."

"आहेच! स्वच्छ दिसते."

"डुक्कर असतं तर बोललो असतो."

म्हणजे ज्या टाकसाळीनं काम बिघडवलं तिचा माल दुर्मीळ आणि जिनं सुधारून दिला तिचा कॉमन. पुढे रुपया काट्यावर गेला. मूळ वजन ११.६६ ग्रॅम, शेकडा ९१.७ चांदी, हे मला तोंडपाठ. काटा ११.४ वर थांबला. "घासलंय," पोरगा म्हणाला आणि त्या दिवसाचा चांदीचा भाव धरून, वर आणखी घट लावून, एक आकडा कॅल्क्युलेटरवर मला दाखवला. तोंडानं सांगायचीही त्याला लाज वाटली असावी. मग मी शाळकरी अक्षरात माहिती लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या होल्डरवर, माझ्या डोळ्यांदेखत, त्यानं दुकानाचा सोनेरी स्टिकर थापला.

नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर. नाणी क्षत्रप राजा नहपानाची, पण त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा छाप मारलेला. नहपानाला त्या वेळी काय वाटलं असेल, हे मला परवा दुपारी कळलं. गौतमीपुत्रानं निदान लढाई तरी केली होती.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, मी शेवटी काढली. काका खुर्चीतून अर्धे उठले, नमस्कार केला. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', बोटानं चाचपून वाचता येईल इतकं.

"दुदांडी आहे," पोरगा म्हणाला. "नंतरची, पेशवाईतली. पोत्यानं येते."

"म्हणजे महाराजांच्या वेळची नाही?" काका बसले. "बघा, हे असं असतं. खात्री करून घ्यावी. लोक सर्रास फसवतात हो."

हे मला. दहा लाखांची माता रुमालात बांधून फिरणारा माणूस सांगत होता. शिवराई मी खिशात टाकली. बाकीचं सगळं, १९७० चे कमळवाले वीस पैसे, भोकाचे पैसे, तारखेखाली परदेशी टाकसाळीचा बारीक 'एच' असलेला १९८५ चा रुपया, सगळं लॉटमध्ये गेलं. लॉट म्हणजे पोरगा न बघता सांगेल तो आकडा. छापील कॅटलॉगात ज्याला पाचशे लिहिलेत त्याचे साठ मिळतात, आणि का म्हणून विचारलं तर "कॅटलॉग घेणाऱ्यासाठी असतो, देणाऱ्यासाठी नाही." या वाक्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

मग काकांची पाळी. पोरानं माता उलटीसुलटी केली.

"वीस रुपये देतो."

काका ताडकन उठले. रुमाल, पाकीट, पिशवी, बॅग अशी उलट क्रमानं घडी घातली. मी मनात हिशोब केला. पाचाचे वीस, म्हणजे चौपट. माझ्या अख्ख्या डब्यातल्या एकाही नाण्यावर त्यानं स्वतःहून, न मागता बोली लावली नव्हती.

"देऊन टाका, काका," मी मनापासून म्हटलं.

"तुम्ही दिलंत ना? तुमचं झालं ना?" ते म्हणाले आणि दारात वळून पोराला दम दिला, "पस्तावशील!"

काल रात्री नाणेवाल्यांच्या एका फेसबुक ग्रुपवर फोटो आला. रुपया १९१२, माझ्याच होल्डरमध्ये, सोनेरी स्टिकरच्या कडेनं माझ्या अक्षरातलं 'आजीचा' एवढं दिसतंय. वर मजकूर: "एक्सएफ कंडिशन! फुल सोंड! रेअर!" आणि किंमत मला दिली त्याच्या पाचपट. एक्सएफ म्हणजे जेमतेम घासलेलं. माझ्या हातात होतं तेव्हा घासलेलं म्हणे.

खाली एकच प्रतिक्रिया होती. फोटोत हाफ स्वेटर. "आमच्याकडे माता आहे. दहा लाख. घासाघीस करणाऱ्यांनी फोन करू नये."