नुकसान : निरंक

आज तिखट लिहिणार आहे. ज्यांना झोपायच्या आधी गोडगोड वाचायचंय त्यांनी पुढं सरका.

दुपारी चारच्या सुमारास वहिनीचा फोन आला. "ताई, डोंगर पेटलाय." बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या पुढं, बालाघाटच्या डोंगरात माझं माहेर. मागच्या दारात उभं राहिलं की डोंगर अंगावर आल्यासारखा दिसतो. तिच्या बोलण्यामागं पोरांचा कालवा, कुत्र्यांचं भुंकणं आणि वाळलेल्या गवताची ती तडतड ऐकू येत होती. ज्यानं एकदा ती ऐकलीय त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. मी इथं लातूरला, हातात पेपरांचा गठ्ठा घेऊन. करणार काय?

रात्री आठला गावाकडच्या बातम्यांच्या ग्रुपवर चार ओळी आल्या : डोंगराला आग, गवत जळून खाक, सुदैवाने कोणतेही नुकसान नाही.

सुदैवाने!

आणि लगेच आमच्या घरच्या ग्रुपवर पुण्यातल्या भाच्यानं लॉस एंजेलिसच्या आगीचा जुना व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, "मावशी, ह्याला म्हणतात वणवा. आपल्याकडं काय, गवतच तर जळतंय." त्यावर तीन जणांचे हसरे चेहरे. तेव्हाच ठरवलं, पेपर उद्या तपासू.

"गवतच तर जळलं" हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकतेय. पहिल्यांदा ऐकलं ते २०१९च्या फेब्रुवारीत, एका सरकारी टेबलासमोर. माय माझ्या शेजारी उभी होती. तिच्या लुगड्याचा काठ जळून काळा पडला होता आणि ती तो मुठीत धरून लपवत होती.

२०१८चा पावसाळा कसा कोरडा गेला ते बीडकरांना सांगायला नको. पुढच्या उन्हाळ्यात जिल्हाभर जनावरांच्या चारा छावण्या पडल्या होत्या. माय शहाणी. दिवाळीपासूनच तिनं डोंगरावरचं गवत कापायला घेतलं. पवन्या, मारवेल, कुसळी, जे हाताला लागेल ते. तीनशे वीस पेंढ्या. आकडा पाठ आहे, कारण रोज रात्री फोनवर ती मला हिशेब द्यायची. आज नऊ झाल्या, आज बाराच झाल्या गं, काटा भरला. डोंगराच्या खांद्यावर एका सालईच्या झाडाखाली पेंढ्या रचून ठेवल्या होत्या. खाली आणायला गडी नव्हता, आणि खाली आणलं की चोरीला जातं. दोन बैल, एक गाय आणि तीनशे वीस पेंढ्या, एवढ्यावर तिनं आखाड गाठायचं ठरवलं होतं.

एका दुपारी दोन तासांत सगळी राख झाली.

टेबलापलीकडच्या माणसानं विचारलं, जमीन कुणाची? म्हटलं, गायरान. सातबारा तुमचा नाही? नाही. घर जळालं? नाही. जनावर दगावलं? नाही. मग बाई, गवतच तर जळलं. आणि कागदावर नुकसानीच्या रकान्यात लिहिलं, निरंक.

मी भूगोल शिकवते, पंचवीस वर्षं झाली. त्यामुळं भाच्याला उत्तर द्यायला पुस्तक उघडायची गरज नाही. बाळा, २०२३च्या ऑगस्टमध्ये हवाईतलं लाहाइना शहर जळलं. शंभराच्या आसपास माणसं गेली. तिथं काय जळत आलं होतं? गवतच. उसाचे जुने मळे बंद पडले, जमिनी पडीक राहिल्या, त्यावर बाहेरून आलेलं गवत माजलं, ते वाळलं, वाऱ्यानं विजेच्या तारा पडल्या आणि आग शहरात घुसली. ऊस, पडीक रान, वाळलेलं गवत, लोंबणाऱ्या तारा. ह्यातलं काय आपल्याकडं नाही ते सांग. शॉर्टसर्किटनं ऊस जळाल्याची बातमी नाही असा एक हंगाम दाखव मला.

लॉस एंजेलिसचं म्हणशील, तर जानेवारी २०२५मध्ये तिथं १६ हजारांवर इमारती जळाल्या. मोठंच संकट, मी कुठं नाही म्हणते? पण तो आकडा मोठा दिसतो कारण तिथं डोंगराच्या कुशीत बंगले आहेत, बंगल्यांना विमा आहे आणि विम्याला कागद आहे. आमच्या डोंगराच्या कुशीत माझ्या मायच्या पेंढ्या होत्या.

वणवा सगळीकडं एकच नसतो, हे पोरांना शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ येतात. कॅनडात २०२३ साली दीड कोटी हेक्टरांच्या आसपास जंगल जळलं, आणि त्यातला मोठा हिस्सा आभाळातल्या विजेनं पेटलेला. माणूस पोचू शकत नाही असल्या जागी. आपल्याकडं वीज पडते ती वळवाच्या पावसासोबत, मागोमाग सरी येतात. ॲमेझॉनचं ओलं जंगल तर आपणहून सहसा पेटतच नाही. आधी तोडतात, वाळवतात, मग पेटवतात, कुरणासाठी, शेतीसाठी. आणि आफ्रिका! जगात दरवर्षी जेवढी जमीन जळते तिच्यातली निम्म्याहून कितीतरी जास्त एकट्या आफ्रिकेत जळते, आणि त्याची बातमी होत नाही. का? तिथंही गवतच. (भाचा आता लिहील की जगातलं जळणारं क्षेत्र गेल्या काही दशकांत घटलंय. घटलंय, खरंय. कारण गवताळ रानं नांगरून शेतं केली. जाळायला उरलंच नाही, ह्याचा आनंद मानायचा असेल तर माना.)

इतकं लांब कशाला? उत्तराखंडात चीडाची झाडं, त्यांच्या वाळलेल्या सुया, पिरूल म्हणतात तिकडं, उतारावर वीतभर साचतात. राळेचं झाड, ठिणगी पडायचा अवकाश. २०२४च्या एप्रिलमध्ये नैनितालजवळच्या आगी विझवायला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं भीमतालचं पाणी उचललं, आणि जूनमध्ये बिनसरच्या अभयारण्यात आग विझवताना वन विभागाची चार माणसं जागीच गेली. चौघंही आपल्यासारख्याच घरची असणार. ईशान्येत झूमची, म्हणजे रान तोडून-जाळून करायच्या शेतीची आग. आपल्याच राज्यात गडचिरोलीला दोन तृतीयांशाहून जास्त जिल्हा जंगलाखाली, तिथं मोहाची फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणून पेटवतात. आपल्या किनवट-माहूरच्या सागवानातही तेच. पोटासाठी लावलेली आग, पण हातातून निसटली की निसटली.

आणि आपण? लातूर जिल्ह्यात एक टक्कासुद्धा जंगल नाही. बीड, धाराशिव, जालना, परभणी, कुणी कुणाला हसू नये. म्हणून "तुमच्याकडं कुठले वणवे?" असं विचारतात. अरे, ज्याच्या घरात एकच भाकरी आहे त्याची ती जळाली तर ते नुकसान छोटं का?

आपला वणवा वर शेंड्याला जात नाही, खालून सरपटतो. सागाचं, सालईचं मोठं झाड बहुतेक वेळा तगून जातं, म्हणून लांबून डोंगर होता तसा वाटतो. मरतं ते खालचं. वीतभर आलेली रोपं, घोरपडी, सशाची पिल्लं, सरडे. त्या फेब्रुवारीत दुसऱ्या दिवशी सकाळी मी मायसोबत डोंगरावर गेले होते. सालईखाली राखेचा चौकोन, पेंढ्या रचल्या होत्या अगदी तेवढा. माय त्या चौकोनाच्या कडेकडेनं चालली, राखेत पाय टाकला नाही. मला म्हणाली, "हितं गं, ह्या कोपऱ्यात मारवेल ठिवला व्हता. गाईला."

थांबते जरा.

हां. तर एक मान्य करते, कारण कोणीतरी लिहिणारच. गवताळ माळाला आग अगदीच परकी नाही, आणि जाळल्यावर गवत हिरवंगार फुटतं हेही दिसतं. पण काय फुटतं ते बघा की. वरचेवर जाळलं, वर चराई केली, की मारवेल-पवन्या मागं पडतात आणि कुसळी माजते. ती कुसळं आली की जनावर तोंड लावत नाही. आणि उघडा पडलेला उतार पहिल्या वळवात धुऊन ओढ्यात जातो, तिथून पाझर तलावात. पुढं आपणच गाळ काढायच्या योजनेची वाट बघत बसतो.

उपग्रहाचं कौतुकही ऐकून घ्या. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून आगीचे संदेश मोबाईलवर येतात, चांगली सोय आहे. पण ज्या उपग्रहांवरून ते मुख्यतः बघतात ते आपल्यावरून जातात ढोबळमानानं दुपारी दीड-दोनला आणि तसेच मध्यरात्रीनंतर. आमचा डोंगर पेटला चारला, विझला नवाच्या आत. दोन फेऱ्यांच्या मधे. आणि नकाशात ती जागा जंगल नसेल तर जंगलाच्या आगीत ती धरणार कशी? म्हणजे आभाळातूनही निरंकच.

वन विभागाला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे, मी आधी तेच करायची. १५ फेब्रुवारी ते १५ जून हंगाम, त्याच्या आधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे पट्टे करायचे, अंगारी म्हणजे आगीवर नजर ठेवणारे गडी नेमायचे, हातात एखादा ब्लोअर, नाहीतर झाडाचा डहाळा. एका माणसानं किती डोंगर बघायचे? बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराई उभी राहिली, २०२०च्या फेब्रुवारीत तिथं वृक्षसंमेलन भरलं, आपण सगळे फोटो काढून आलो. त्या देवराईलाही आग लागली होतीच. कुणी पेटवली? कुणी विडी टाकली, कुणी बांध जाळला, कुणाला मध काढायचा होता. भारतीय वन अधिनियम १९२७चा आहे, राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, जवळपास शंभर वर्षं झाली. आपल्या देशातल्या वणव्यांत माणसाचा हात नाही अशी आग शोधावी लागते. हवामान बदललंय, ऊन वाढलंय, सगळं खरं. पण ऊन काडी ओढत नाही.

संताप होतो मला ह्या बांध पेटवणाऱ्यांचा. दहा रुपयांची मजुरी वाचवायला काडी लावायची, चहाला जायचं, आणि डोंगर पेटला की गर्दीत उभं राहून हळहळायचं.

हे वाक्य लिहून दहा मिनिटं झाली. खोडणार होते. राहू दे.

कारण आता आबा, माझे वडील, नाहीत, करोनाच्या दुसऱ्या वर्षी गेले, आणि एवढं सगळं लिहून ही एक गोष्ट गाळली तर मी त्या टेबलापलीकडच्या माणसाहून वेगळी कशी? २०१९ची ती काडी आमच्या आबांनी ओढली होती. बांधावर गाजरगवत वाळून कमरेएवढं झालं होतं. जनावर खात नाही, उपटायला मजूर परवडत नाही, दुष्काळात बाईला तीनशे देणार कुठून? त्यांनी चार वाजता पेटवलं, शेजारी पाण्याची घागर ठेवली, हातात डहाळा घेतला. निष्काळजी माणूस नव्हता तो. वाऱ्याची एक वावटळ आली आणि पेटती काडं बांधावरून गायरानात गेली. तिथून डोंगर, डोंगरावरून सालई. माय ओलं पोतं घेऊन धावली, मी लिंबाचा डहाळा घेऊन. आबा सगळ्यात पुढं होते. भुवया जळाल्या त्यांच्या.

रात्री ते जेवले नाहीत. गोठ्यात जाऊन बसले, गाईकडं पाठ करून.

त्या कागदावर नुकसानीच्या वरचा रकाना होता कारणाचा. तिथं लिहिलंय, अज्ञात. ते आम्ही लिहवून घेतलं. साहेबानं विचारलं तेव्हा मी आबांकडं बघितलं, आबा खाली बघत होते, आणि माय चटकन म्हणाली, "वारं फिरलं, सायेब." एकाच कागदावर दोन खोटं. वरचं आमचं, खालचं त्यांचं. वरचं आम्ही दडवलं म्हणून खालच्यावर भांडायला तोंड उरलं नाही. पुढं अर्ज केला नाही. मार्चअखेर बैल छावणीत गेले. गाय पाटोद्याच्या बाजारात गेली, काय भावानं ते मायनं अजून मला सांगितलेलं नाही. एवढा हिशेबाचा सोस असलेली बाई.

उभ्या जन्मात तिनं आबांना त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. कुणी विचारलं की एकच, वारं फिरलं.

म्हणून भाच्या, रागावले नाही तुझ्यावर. थोडी रागावले. पुढच्या सुट्टीत पुण्याहून ये, तुला ती सालई दाखवते. बुंध्याला एका बाजूनं काळी आहे अजून.

एवढं लिहून झाल्यावर आत्ता पुन्हा वहिनीला फोन लावला. म्हणाली, विझली, नवाच्या आत विझली, पोरांनी लई पळापळ केली. माय झोपलीय. मी विचारलं, लावली कुणी? ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काय की ताई. वारं फिरलं म्हनायलेत."

म्हटलं, दादाला दे फोन. जेवला का तो?

"न्हाई जेवले. गोठ्यात जाऊन बसलेत."