‘हर्नियाला रोबोटच हवा’ हे खरं नाही

खानापूर, निपाणी, चिकोडीकडे सध्या एक मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतोय: ‘प्रोस्टेटचं किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन आधी झालं असेल तर जांघेतल्या हर्नियाला रोबोटच हवा. यंत्र चुकत नाही. चिरा देऊन जाळी बसवणं जुनं झालं.’

‘यंत्र चुकत नाही’ : रोबोट स्वतःहून एक टाकाही घालत नाही. कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या मेजावर, बसलेला सर्जन त्याचे हात चालवतो. दृश्य त्रिमितीय दिसतं, उपकरणं मनगटासारखी वळतात, हे फायदे खरे आहेत. पण निर्णय माणसाचा, आणि चूकही माणसाचीच.

‘रोबोटच हवा, चिरा जुना’ : यानेच माणसं चुकीच्या वाटेला लागतात. कर्करोगासाठी प्रोस्टेट काढताना मूत्राशयासमोरची जागा बहुधा उघडली जाते. पुढे तिथे सगळं चिकटून बसतं. छोट्या छिद्रांतून केलेलं दुर्बिणीचं ऑपरेशन असो की रोबोटचं, जाळीसाठी त्याच थरात शिरावं लागतं, आणि मूत्राशयाला इजा व्हायची भीती तिथेच असते. समोरून चिरा देऊन केलेली लिक्टेनस्टाइन पद्धत त्या थरात जातच नाही. ती फक्त जागा बधिर करूनही होते. रोबोटला पूर्ण भूल लागते, आणि हृदय-फुप्फुस कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला हा फरक मोठा आहे. हर्नियाच्या उपचारांबद्दलच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही अशा रुग्णांत समोरून दुरुस्तीचा विचार करा असंच सांगतात. हात बसलेला सर्जन हे रोबोटने करू शकतो, करतातही. पण ‘रोबोटच’ कशासाठी?

गर्भपिशवी काढलेल्या किंवा सिझेरियन झालेल्या बाईला मात्र समोरून चिऱ्याचा हाच नियम डोळे झाकून लावू नका. बायकांत मांडीलगतचा फेमोरल हर्निया पुरुषांपेक्षा जास्त आढळतो आणि समोरच्या चिऱ्यातून तो नजरेतून सुटू शकतो. म्हणून बायकांसाठी त्याच सूचना दुर्बिणीला पसंती देतात. दुर्बिणीला, रोबोटला नव्हे.

खर्चाबद्दल तो मजकूर गप्प आहे. अमेरिकेत १०२ रुग्णांवर झालेली, २०२० साली प्रसिद्ध झालेली चाचणी बघा: रोबोटला साधारण ७५ मिनिटं, दुर्बिणीला ४०, खर्च दुपटीहून जास्त, तीस दिवसांनी गुणात फरक नाही. ती खास जुन्या ऑपरेशनवाल्यांची चाचणी नव्हती, तरी ऊसबिलाच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्या घराला हे आधी कळायला हवं.

आणि हर्नियाची गाठ आत जाईना, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर रोबोट कुठे आहे याची चौकशी करत बेळगावभर फिरू नका. आतडं अडकलेलं असू शकतं. ऑपरेशनची सोय असलेलं जवळचं रुग्णालय त्याच वेळी गाठा, आणि जुन्या ऑपरेशनचे कागद सोबत न्या.