पास की सुटं तिकीट?

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर मे महिन्यात रात्री जी गर्दी होते, तीत निम्मे लोक दूध प्यायला येतात आणि निम्मे बोलायला. समोर म्हशीची धार काढून ग्लास हातात देतात, फेस मिशीला लागतो, दूध दोन मिनिटांत संपतं. बोलणं संपत नाही.

परवा विषय पिंट्यानं काढला. त्याची थोरली सहा वर्षांची, धाकटा तीनचा. बुधवारी इचलकरंजीहून मेव्हणा येणार, त्याचंही एक पोरगं. सुट्टी लागल्यापासून पोरांना कुठं नेलं नाही म्हणून घरात वातावरण तापलेलं. पिंट्यानं मोबाईलवर यादीच केली होती. सकाळी न्यू पॅलेस, तिथनं हायवेकडचा एक वॉटर पार्क, दुपारी कणेरी मठ, संध्याकाळी रंकाळा तलाव.

"पन्हाळा कसा काय राहिला?" आण्णानं विचारलं.

"जमलं तर रात्री बघू की," पिंट्या म्हणाला. त्याला वाटलं आण्णा खरंच विचारतोय.

"वॉटर पार्क काढ त्यातनं," मी म्हणालो आणि तिथं पेटलं. कारण बाळ्या त्या वॉटर पार्कला दोनदा जाऊन आलाय आणि तिथला पास म्हणजे त्याच्या मते माणसानं लावलेला मोठा शोध.

"काढ कशाला? एकदा पैसं भरलं की दिवसभर खिशात हात घालायचा नाही. ह्यात बस, त्यात बस, परत त्यातच बस. पोराला नको म्हणायचं कामच नाही!"

मी गेल्या वर्षी असाच एक पास काढला होता. कुठल्या पार्कात ते सोडा. गेटवर पिशवी उघडून बघितली, बायकोनं केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर ठेवायला लावली. आत वडापाव होता, त्याचा दर सांगत नाही, मला अजून त्रास होतो. आमच्या मनगटाला निळा कागदी पट्टा बांधला. मी पाण्यात उतरणार नव्हतो, फक्त चपला आणि टॉवेल सांभाळणार होतो, तरी मलाही पूर्ण पास. सव्वा वाजता पोरगं खांद्यावर झोपलं. चार वर्षांचं पोर, सकाळपासून पाण्यात, झोपणारच. आणि मी काय केलं? त्या निळ्या पट्ट्याकडं बघितलं, डोक्यात हिशेब केला आणि त्याला उठवलं. "चल, घसरगुंडी राहिली." ते जे रडाय लागलं ते उचगावच्या पुलापर्यंत.

"आता सांग, पैसं कुणी वसूल केलं? पार्कनं माझ्याकडनं केलंच, मी पोराकडनं केलं," मी म्हणालो. "सुटं तिकीट असतं तर गाडीत घालून घरी आणला असता. पास काढला की माणूस मुकादम होतो."

बाळ्या ग्लास खाली ठेवून सरळ बसला. तो असा बसला की काहीतरी खरं बोलतो, हा अनुभव आहे.

"तुझं झालं? आता माझं ऐक. गेल्या रविवारी रंकाळ्यावर गेलतो. तुझं लाडकं सुटं तिकीट. मिकी माऊसच्या फुग्यात उड्या मारायचं येगळं, पाळण्याचं येगळं, बॅटरीच्या गाडीचं येगळं, घोड्याचं येगळं. पोरगी एकातनं उतरली की दुसऱ्याकडं बोट. मी म्हणायचं, आता बास. ती म्हणायची, एकच. घोडंवाला पोरीकडं बघून हसतोय, माझ्याकडं बघतच नाही. तासाभरात मी बास किती वेळा म्हटलं असंल? घरी आल्यावर ती आईला सांगालीय, पप्पा सारखं बास बास करत होते. मला झोप लागली नाही, भावा."

ह्यावर मला पटकन काही सुचलं नाही. पासवाला बाप मुकादम होतो हे खरं, तसा सुट्या तिकिटाचा बाप कंडक्टर होतो हेही खरंच.

मास्तर इतका वेळ गप्प होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग आहे, त्यामुळं सहा वर्षांच्या पोरांवर त्यांचा अधिकार चालतो. ते म्हणाले, "तुम्ही पैशाचं बोलताय. मी उंचीचं बोलतो. एसटीत हाफ तिकीट वयावर असतं, पाच ते बारा. पार्कात वयाला कोण विचारत नाही, पट्टीपाशी उभं करतात. मोठ्या राइडला साधारण 120 सेंटीमीटर लागतं. सहा वर्षांची पोरगी सरासरी 115 ची असते आणि तीन वर्षांचा पोरगा 96 चा. म्हणजे पिंट्याची थोरली पाच सेंटीमीटरनं हुकणार. ती दिवसभर त्या पट्टीला पाठ लावून टाचा उचलत बसणार. आणि पैसे तू सगळ्या राइडांचे भरणार."

पिंट्यानं मोबाईल खिशात घातला. पोरीची उंची त्याला माहीत नव्हती, ते तोंडावर दिसत होतं.

"ह्या पार्कांचं खूळ आलंच कधी?" आण्णानं विचारलं. आण्णाचे केस पांढरे झालेत, त्याला असले प्रश्न शोभतात.

"आपल्याकडं दिल्लीचं अप्पू घर पहिलं, 1984 साली. मुंबईचं एस्सेल वर्ल्ड 1989 ला," मास्तर म्हणाले. "त्याआधी पोरं घेऊन पुण्याला गेला तर पेशवे पार्कातली फुलराणी, ती 1956 पासूनची."

"आम्हाला ह्यातलं काय नव्हतं. जत्रा," आण्णा म्हणाला. "लाकडी पाळणा. दोन गडी वर चढायचे आणि अंगाच्या वजनानं फिरवायचे. भरताना समोरासमोरचे पाळणे भरायचे. एका बाजूला चार जाड बायका बसल्या की पाळणा फिरायचाच नाही. मग गडी ओरडायचा, मावशी, तुम्ही उतरा आणि पलीकडच्यात बसा. मावशी भडकायची. आमचा खेळ तोच होता, बघायचा."

रंकाळ्यावर अजून चार खुर्च्यांचा तसला बारका पाळणा असतो, एक माणूस हातानं फिरवतो. मला तो पाळणा आवडतो आणि त्याचं कारण मी तिथं सांगितलं. पोरगं रडलं की तो माणूस खांबाला हात लावतो, पाळणा थांबतो. मोठ्या पार्कातलं यंत्र बटण दाबल्यावर आपली वेळ भरेपर्यंत फिरतं. आत तुमचं पोरगं आई आई करतंय आणि तुम्ही कठड्याबाहेर हात हलवत खोटं हसताय. हातानं फिरवणाऱ्याला पोराचं तोंड दिसतं. फेऱ्याही तो मोजून मारत नाही. मागं रांग नसली की दोन जास्तीच्या.

"आणि वळीव आला की?" बाळ्यानं डाव टाकला. त्याला तो किस्सा माहीत होता, त्या दिवशी तो माझ्याबरोबर होता.

रंकाळ्याच्याच चौपाटीवर, दोन वर्षांपूर्वी, मे महिनाच. पाच वाजता शालिनी पॅलेसच्या बाजूनं आभाळ काळं झालं. वारा सुटला. मिकी माऊसचा तो फुगा पंख्याच्या हवेवर उभा असतो. सतत हवा भरत राहायची, पंखा थांबला की तो बसतो. वाऱ्यानं एक दोर तुटला, तसा फुगेवाल्यानं आधी पोरं बाहेर ओढली आणि मग स्वतःच पंखा बंद केला. शहाणा माणूस, उभा ठेवला असता तर फुगा उचलला असता. पण पोरांना हे कोण सांगणार. मिकी माऊसची मान हळूहळू पुढं आली, एक कान दुमडला, मग नाक जमिनीला टेकलं. माझं पोरगं पावसात उभं राहून ओरडत होतं, "पप्पा, मिकी मेला!" भेळवाल्याच्या ताडपत्रीखाली आम्ही पंधरा-वीस जण, आणि तिथली सगळी पोरं मिकीसाठी रडतायत.

"त्याचं पण तिकीट गेलं की नाही?" बाळ्या.

"नाही. पोराच्या हातात त्यानं पैसे परत ठेवले. भिजलेली नोट. पासाचे पैसे कुणी परत दिल्याचं ऐकलंयस?"

बाळ्या तोंड उघडणार तेवढ्यात पिंट्याची बायको, म्हणजे आमच्या वैनी, आल्या. महाद्वार रोडवरनं पोरांच्या टोप्या घेऊन पिंट्याला गाठायला आलेल्या, धाकटा कडेवर, थोरली दुधाच्या कॅनला लाथा मारत. पिंट्यानं जरा अभिमानानंच यादी वाचून दाखवली. वरनं आमची पास आणि सुट्या तिकिटाची चर्चा सांगितली, मास्तरांच्या सेंटीमीटरसकट.

वैनींनी सगळं ऐकून घेतलं.

"कपडे बदलायचे कुठं, ते ठरवलासा?"

कट्टा गप्प.

"तीन पोरं भिजणार. ओले कपडे कशात घालायचे? ह्याची चड्डी किती जोड घ्यायची? शी लागली तर कोण नेणार? गेल्या वर्षी मी नेलतो. तुम्ही बाकावर बसून मोबाईल बघत होतासा आणि मी त्या एका खोलीत बारा बायकांच्यात उभं राहून पोरीची केसं पुसत होतो."

बाळ्यानं हळूच विचारलं, "मग कणेरी मठ? बारा बलुतेदारांचे पुतळे, कुंभार, लोहार, पोरांना सगळं गाव बघायला मिळतं की, वैनी."

"दुपारी दोनला? उन्हात? ती पुतळ्यांना हात लावणार, हा झोपणार, आणि उचलून मी फिरणार. सकाळी लौकर पॅलेस. बाहेर हरणं बघायची, आत ते भुसा भरलेले वाघ बघायचे नाहीत, हा भितो. मग घरी येऊन जेवायचं आणि झोपायचं, सगळ्यांनी. पाचला रंकाळा, वळीव नसला तर. पोरांच्या हातात आधीच मोजून पैसे देणार. संपले की संपले. बास कुणी म्हणायचं नाही."

हे मला सुचायला हवं होतं. बाळ्यालाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

"आणि वॉटर पार्क?" पिंट्यानं बारीक आवाजात विचारलं.

"तुम्ही पाचजण जावा की. पास काढा." वैनींनी थोरलीला ओढलं, धाकट्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघाल्या. पिंट्या टोप्यांची पिशवी घेऊन मागोमाग.

थोडा वेळ नुसता कॅनचा आवाज. मग आण्णानं मिशी पुसली.

"जायचं काय मग?"

मास्तर म्हणाले, "शाळेला सुट्टीच आहे. कधीही चालेल. 120 च्या वर आहे मी."