डोळे कुठल्या झाडावरचे?

"ताई, द्राक्ष पुण्याला, संत्रा नागपूरला, डाळिंब सोलापूरला. मोसंबीवाल्यानं कुठं जायचं? पुन्हा मराठवाड्याच्या तोंडाला पानंच पुसली ना?"

इथे शनिवारची संध्याकाळ, तिकडे रविवारची सकाळ. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावाहून भावाचा फोन येतो तेव्हा पाऊस, भाव आणि वीज झाली की गाडी इथेच येऊन थांबते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्वच्छ रोपांचा कार्यक्रम मंजूर केला. तरतूद १,७६५ कोटींच्या वर आणि देशात ९ केंद्रे. रोगमुक्त मातृवृक्ष जपायचे आणि त्यांच्यापासून नर्सरींना स्वच्छ कलमं तयार करता यावीत, असा त्याचा हेतू. महाराष्ट्राच्या वाट्याला तीन केंद्रं आली, मराठवाड्यात एकही नाही. भावाचा राग मला कळतो. पण मी कॅलिफोर्नियातल्या तुलारे परगण्यात लिंबूवर्गीय रोपांच्या नर्सरीच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि रोज जे पाहते त्यावरून मला वाटतं की आपण इमारतीसाठी भांडतोय. भांडायला हवं ते झाडासाठी.

इथली रीत आधी सांगते. कॅलिफोर्नियात मोसंबी-संत्र्याचं कलम विकायचं तर डोळाकाडी, म्हणजे जिच्यावरचे डोळे (कोंब) काढून कलम भरतात ती काडी, कुठून आणली याची नोंद लागते. ती काडी तपासलेल्या मातृवृक्षाचीच असावी लागते, आणि विक्रीची रोपं कीटक शिरणार नाहीत अशा जाळीघरातच वाढवावी लागतात. मूळ काड्या रिव्हरसाइडच्या विद्यापीठातून येतात. तिथे कुठलाही वाण आला की आधी त्याचे रोग काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली फांदीचा अगदी टोकाचा कोंब, मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा, कापून काचेच्या नळीतल्या इवल्याशा खुंटावर, म्हणजे कलमाला मुळं देणाऱ्या रोपावर, बसवतात. विषाणू त्या टोकापर्यंत सहसा पोहोचलेले नसतात. ही पद्धत तिथेच १९७०च्या दशकात पक्की झाली. नंतर झाडाची परीक्षा घेतात, आणि तिथले साक्षीदार पाहून मला भरून आलं होतं. ट्रिस्टेझा विषाणू ओळखायला आपलं कागदी लिंबू, आणि विरॉइड, म्हणजे विषाणूहूनही छोटा रोगकारक, ओळखायला महाळुंग! संशयित झाडाचा तुकडा त्यांच्यावर बांधायचा आणि पानं काय सांगतात ते बघत महिनोनमहिने थांबायचं. आता रेणवीय चाचण्याही होतात, पण ही झाडं अजून कामावर आहेत.

हे सगळं कशासाठी, ते दादांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, बागेवरून सांगते. १९९०मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि दोनेक वर्षांत आमच्याकडे मोसंबी लागली. कलमं जवळच्याच एका नर्सरीतून आणली होती. डोळे कुठल्या झाडावरचे हे दादांनी विचारलं नाही, कुणीच विचारत नव्हतं. बाग फळाला आली, आंबे बहाराचा (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याचा) ताण आणि पाणी दादांनी कधी चुकवलं नाही, तरी काही ओळींतली झाडं डिंक गाळत वाळत गेली. उरलेली २०१२-१३च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर तगवली आणि शेवटी तोडली. कुऱ्हाड चालली त्या दिवशी दादा घराबाहेर आले नाहीत. सगळा दोष दुष्काळाला दिला गेला. पण दुष्काळाआधीच जी वाळली ती कशाने गेली? कुणी तपासलं नाही, त्यामुळे आज कुणालाच सांगता येणार नाही.

भावाने चार-पाच वर्षांपूर्वी पुन्हा लागवड केली. या वेळी परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे रंगपूर लिंबाचा खुंट घेतला. शिफारस बरोबरच आहे, रंगपूर आपल्या कोरड्या, चुनखडीच्या जमिनीत जंबेरी या दुसऱ्या लिंबाच्या खुंटापेक्षा नीट टिकतो. पण काही झाडं खुजी राहिली आणि कलमाच्या जोडाखाली साल खपल्या धरून निघते आहे. भाऊ म्हणतो, "विद्यापीठाचं ऐकून फसलो." माझ्या मनात दुसरीच शंका आहे. एक्झोकॉर्टिस नावाचा विरॉइड जंबेरीवरच्या झाडात वर्षानुवर्षं गप्प बसतो. झाड निरोगी दिसतं, फळ भरपूर देतं, म्हणून नर्सरीवाला त्याच झाडाचे डोळे काढतो. तेच डोळे रंगपूरवर भरले की साल फुटते आणि झाड खुरटतं. तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. पण असं असेल तर दोष शिफारशीचा नाही, डोळ्यांचा आहे. चांगलं संशोधन घाणेरड्या डोळाकाडीने हरवलं जातं आणि शिव्या संशोधकाला बसतात.

परभणीच्या विद्यापीठाने काहीच दिलं नाही, हे वाक्य मला सहन होत नाही. भेंडीवरच्या केवडा रोगाने शेतकरी हैराण होता तेव्हा जंगली भेंडीशी संकर करून परभणी क्रांती हा वाण तिथेच निघाला आणि राज्याबाहेरही गेला. बदनापूरला मोसंबीचं केंद्र आहे, अंबाजोगाईला सीताफळाचं. भेंडीचं संशोधन पिशवीतल्या बियाण्यातून बांधापर्यंत पोहोचलं, कारण हा केवडा पांढऱ्या माशीने पसरतो, बियाण्यातून जात नाही. मोसंबीचं तसं नाही. इथे डोळ्याबरोबर आईचे सगळे आजार लेकीकडे जातात.

परदेशातून बोलणाऱ्यांनी आपली बाजूही नीट सांगायला हवी. तुलारेत पाऊस जालन्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो. इथल्या बागा सिएरा नेवाडाच्या बर्फावर आणि कालव्यांवर जगतात, तो बर्फ अंबडला कुणी आणणार नाही. २०१४मध्ये इथल्याच ईस्ट पोर्टरविलमध्ये घरोघरच्या विहिरी आटल्या आणि लोकांना पाणी वाटावं लागलं, ते पाहताना मला गावच आठवलं. आणि पैसा असला की भागतं असंही नाही. सिट्रस सायला नावाची कीड जो ग्रीनिंग रोग पसरवते, तो फ्लोरिडात २००५ मध्ये सापडला. २००३-०४मध्ये २४ कोटींहून अधिक पेट्या संत्री पिकवणारं ते राज्य २०२२-२३मध्ये दीड-पावणेदोन कोटींवर आलं, दरम्यानच्या एका चक्रीवादळाचाही त्यात हात होता. संशोधनावर अफाट खर्च होऊनही बरा करणारा उपाय अजून मिळालेला नाही. सायला तर आपल्या बागांत पूर्वीपासून आहे. म्हणून निदान नवी लागवड तरी आजारी कलमाने सुरू होऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

मग केंद्राचं काय? नागपूरचं केंद्र संत्र्याच्या नावाचं असलं तरी विषाणू संत्रा-मोसंबी असा भेद करत नाहीत. तिथून मोसंबीच्या तपासलेल्या काड्या मिळाव्यात, बदनापुरात त्यांचे मातृवृक्ष जाळीघरात जपले जावेत, आणि पैठण तालुक्यात इसारवाडीला मंजूर झालेल्या सिट्रस इस्टेटमधून, म्हणजे मोसंबीसाठीच्या सरकारी प्रकल्पातून, त्या नर्सरींना जाव्यात. मागणी करायची तर ही करावी. दारात केंद्र उभं राहिलं आणि नर्सरीवाला कुठल्याही झाडाचे डोळे काढत राहिला, तर भावाच्या पुढच्या बागेचीही हीच गत होईल.

कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी १९६८ मध्ये संशोधन मंडळ उभं केलं आणि तेव्हापासून ते पेटीमागे थोडी रक्कम देत आले आहेत. संशोधक त्यांना उत्तर देतो, कारण पैसा त्यांचा असतो. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आपल्याकडं व्यापारी उक्ती बाग घेतो. पेटी कोण मोजणार?" खरं आहे. पण पाचोडच्या किंवा जालन्याच्या बाजारात माल उतरला की बाजार समिती व्यापाऱ्याकडून सेस घेतेच. त्यातला थोडा हिस्सा मातृवृक्षांसाठी बाजूला काढायला कुठल्याही नव्या इमारतीची गरज नाही.

तोवर मी भावाला एकच सांगितलं: जूनआधी तूट भरायला कलमं घेशील तेव्हा आधी विचार, डोळे कुठल्या झाडावरचे? आणि ते झाड दाखवा म्हण. तो दोन ठिकाणी जाऊन आला. एकाने मागच्या बाजूला नेऊन दहा-बारा झाडांची रांग दाखवली, तपासणीचा कागद मात्र नव्हता. दुसरा म्हणाला, "भाऊ, गाडी आणलीय ना? कलमं भरा, झाड बघून काय करता?"

भावाने गाडी रिकामी परत आणली.