पाण्यात उतरण्याची पूर्वतयारी

एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकू लागला आणि टिळक टँकपासून सोसायटीतल्या कंबरभर पाण्याच्या हौदापर्यंत सगळीकडे उन्हाळी बॅचची चर्चा सुरू झाली, की आपल्यासारख्या विचारी माणसापुढे एकच प्रश्न उभा राहतो : पोहण्याचा कॉस्च्युम घालून चार लोकांसमोर जायचे कसे? उतावळी मंडळी या प्रश्नाचे उत्तर पाण्यात उडी मारून देतात. आपण तसे करू नये. संकोच पुरता गेल्याखेरीज पाण्यात उतरायचे नाही असा निश्चय करावा आणि तो घालवण्याचे काम जूनचा पाऊस येईपर्यंत संपणार नाही अशा बेताने हाती घ्यावे.

प्रारंभ पोटापासून करावा. शरीर आधी पोहण्याच्या योग्यतेचे व्हावे आणि मगच पोहावे, हे आपले तत्त्व आहे. पोहण्यानेच शरीर सुधारते, असा उलटा युक्तिवाद कोणी केल्यास विषय बदलावा. चरबीची घनता पाण्यापेक्षा कमी असल्यामुळे भरल्या अंगाचा माणूस सडपातळ माणसापेक्षा सहज तरंगतो, ही निसर्गाने देऊ केलेली सवलतही आपण बाणेदारपणे नाकारावी. आहारनियंत्रणाचा मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा धरावा, म्हणजे सकाळी घेतलेले व्रत दुपारच्या आमरसाबरोबर संपते आणि नव्या सोमवारची वाट पाहण्यास आपण मोकळे होतो.

मग खरेदी. दुकानात 'भाचीसाठी हवा आहे' असे सांगावे. असे सांगितल्यावर भाचीच्याच मापाचा घ्यावा लागतो, परंतु ही अडचण नसून सोय आहे, कारण तो आपल्या अंगात शिरत नाही आणि आणखी एक आठवडा सुटतो. त्याउपर आपल्या मापाचा आणलाच, तर फ्रॉकचा, गुडघ्याखाली जाणारा, पूर्ण बाह्यांचा आणावा, खोलीचे पडदे ओढून ट्यूबलाइटच्या उजेडात कपाटाच्या आरशासमोर तो घालून पाहावा आणि वर एक सुती टी-शर्ट चढवावा. सुताचे धागे पाणी गाळण्याच्या यंत्रणेत अडकतात म्हणून लाइफगार्ड तो टी-शर्ट शिट्टी वाजवून, सर्वांदेखत काढायला लावतो. जे लक्ष टाळण्यासाठी आपण तो घातला होता, ते सारे त्या क्षणी एकरकमी मिळते.

आपला संकोच अस्सल आहे की केवळ पेठी, अशी शंका आल्यास इतिहासाचा आधार घ्यावा. 1946 साली पॅरिसमध्ये लुई रेआर याने बिकिनी तयार केली, तेव्हा ती घालून छायाचित्रकारांपुढे उभे राहण्यास नेहमीच्या मॉडेल तयार होईनात आणि अखेर त्याला एका नर्तकीला पाचारण करावे लागले. जिथे पॅरिस बिचकले, तिथे सदाशिव पेठेने का बिचकू नये? (आपल्याकडच्या जुन्या पिढीला मात्र ही चैन परवडली नाही. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलून दिलेल्या मुलाला आपण कसे दिसतो याचा विचार करण्याइतकी उसंत मिळत नसे.)

आता मुख्य मुद्दा, अर्थात बघणाऱ्यांचा. टँकवर आलेल्या चष्मेवाल्यांनी आपापले चष्मे लॉकरमध्ये ठेवलेले असतात. गॉगल लावलेल्यांच्या काचांवर वाफ धरलेली असते. गॉगलवाचून पाण्याखाली डोळे उघडावेत, तर बुबुळाचे प्रकाश वळवण्याचे सामर्थ्य तिथे जवळजवळ नाहीसे होते आणि सगळेच धूसर दिसते. शिवाय उरलेले निम्मे लोक नाकात गेलेले पाणी बाहेर काढण्यात गुंतलेले असतात. एवढे सारे भेदून उपस्थितांची नजर आपल्या मांड्यांवरच खिळली आहे असे मानायला जबर आत्मविश्वास लागतो, आणि तो आपल्यापाशी भरपूर असताना आपण न्यूनगंडाची तक्रार का करतो, हे मला कळलेले नाही. स्वच्छ गॉगलमधून पाण्याखाली प्रत्येक वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते, हे खरे आहे. ती भीती वाटत असल्यास खुशाल बाळगावी. मात्र शेजारणीची पोटरीही त्याच हिशेबाने वाढलेली असते, हे आठवून मनाला फार आराम पडू देऊ नये.

हा उपदेश पन्नाशीपुढील पुरुषांना लागू नाही. पोटावर दोन्ही हात ठेवून, ढगळ चड्डीनिशी तासभर काठावर उभे राहून दुसऱ्यांना पाय कसे मारावेत हे सांगणाऱ्या सद्गृहस्थांना संकोच या विकाराची लागण होत नाही. घरी गेल्यावर 'आता तुला या वयात काय पोहायचंय' असे पत्नीला विचारणारेही पुष्कळदा तेच असतात.

मांडी कोणाला दिसू नये म्हणून टॉवेल पाण्याच्या पायरीपर्यंत गुंडाळून नेण्याच्या गडबडीत आधी अंघोळ करायची राहून गेली, तर त्याचे मात्र वाईट वाटून घेऊ नये. अंगावरचा घाम आणि त्याहून अवघड नावाचे काही द्रव क्लोरीनशी मिसळले की तो डोळे चुरचुरवणारा दर्प तयार होतो. त्याचा दोष 'क्लोरीन फार टाकतात हो' असे म्हणून व्यवस्थापनावर ढकलता येतो. लाजेचा साठा मर्यादित असतो आणि तो मांड्यांसाठी राखून ठेवलेला बरा.

जूनमध्ये पाऊस आला, की 'पाणी गढूळ झालं असेल' असे म्हणून कॉस्च्युम कपाटात घडी घालून ठेवावा. रोज पोहणाऱ्यांच्या कॉस्च्युमची लायक्रा क्लोरीनने सैल पडते आणि ते लवकरच लोंबू लागतात. आपला लेबलासकट कोरा राहतो. दुकानात सांगितल्याप्रमाणे तो भाचीला देऊन टाकावा म्हटले, तर पुढच्या एप्रिलपर्यंत तिची उंची वाढलेली असते आणि तो तिलाही होत नाही.