भाऊंना शेजारी पाहिजे

भांडुपच्या आमच्या घरात स्वतंत्र खोली असलेला सदस्य एकच आहे आणि तो मासा आहे. खोली चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. चारही बाजूंनी उजेड, पंपाची खेळती हवा आणि चोवीस तास पाणी. उरलेल्या वन बीएचकेत आम्ही चौघं मावून घेतो. मुलगी ओट्याच्या कडेला वही टेकवून अभ्यास करते. आई दुपारी दिवाणावर आडवी झाली की मी पाय पोटाशी घेऊन बसतो. चार फुटांची भिंत मात्र माशाकडे.

हा मासा माझ्या मेहुण्याचा. त्याची पुण्याला बदली झाली तेव्हा टाकी टेम्पोतून आली आणि मासा बादलीतून. "फ्लॉवरहॉर्न आहे भावोजी, घराला लकी असतो," असं सांगून तो निघून गेला. आता हा प्राणी जगातल्या कुठल्याही नदीत मूळचा सापडत नाही. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड कुळातल्या माशांचे संकर करून १९९०च्या दशकात मलेशियात तो तयार केला गेला. कपाळावर हे एवढं टेंगूळ. अंगावरच्या काळ्या ठिपक्यांत चिनी अक्षरं वाचणारे शौकीन आहेत आणि अक्षर शुभ निघालं तर माशाचा भाव वाढतो म्हणे. आमच्याच्या अंगावर मला नेहमी विजेच्या बिलावरची सही दिसते.

कोणीही समोर आलं की तो काचेपर्यंत येतो, छाती काढतो आणि 'काय काम आहे?' अशा नजरेने बघतो. म्हणून आमच्या मुलीने, मुक्ताने, त्याचं नाव भाऊ ठेवलं. तेव्हापासून घरात सगळेच आदरार्थी बोलतात. भाऊ जेवले का, भाऊंचं पाणी बदललं का, भाऊ रागावलेत, आज बोट घालू नका.

भाऊंचं उत्तम चाललं होतं. पण आपल्याकडे कोणी एकटं सुखात असलेलं लोकांना बघवत नाही. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि टाकीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "अगंबाई, एकटेच असतात?" त्या साखर घेऊन गेल्या, पण वाक्य मागे राहिलं. रात्री बायको म्हणाली, "अहो, त्यांना कोणीतरी सोबतीला आणा ना."

आईचं मत वेगळं. आई मालवणची. तिने चष्मा लावून भाऊंना एकदाच नीट पाहिलं आणि निकाल दिला, "ही चिलापीच आहे. रंगवलेली." मी हसलो, आणि मग पुस्तकात पाहिलं तर तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, खरोखरच सिक्लिड कुळातली. भाऊंचं खानदान आईने खवल्यांवरून ओळखलं होतं. "आणि गोड्या पाण्यातल्या माशाचं एवढं काय कौतुक," असंही ती म्हणाली. सुरमई-पापलेटाच्या खालचं काहीही ती मासा म्हणून मोजत नाही.

शेजारी शोधायला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानांत गेलो. फ्लॉवरहॉर्न म्हटल्यावर एका दुकानदाराने वधूपित्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. मग धोरण सांगितलं. तोंडात मावेल ते भाऊ खाणार. तोंडात मावत नाही, पण आपल्यासारखं दिसतं, त्याला मारणार. आपल्यासारखंही दिसत नाही, पण आपल्या जागेत आलं, त्याला हाकलणार. म्हणजे स्थळ कसं हवं? अंगाने मोठं, रूपाने वेगळं, स्वभावाने गरीब पण घाबरट नको, पळायला चपळ आणि राहायला शक्यतो तळाशी.

त्याने पहिल्यांदा 'शार्क' दाखवला. रुपेरी, मिशीवाला, बिचारा काचेवर आपटत होता. हा शार्क वगैरे काही नसतो, हा पंगस. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. शिवाय मोठा झाला की मीटरभराच्या पुढे जातो, म्हणजे आमच्या चार फुटी टाकीत तो वळणार कसा? शार्क बाद. मग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कन्व्हिक्ट निघाला, कैद्याचा गणवेश घातलेला. तोही सिक्लिड, वीतभराच्या आतला, पण पिल्लं झाली की मोठ्यांच्या अंगावर जाणारा. त्यानंतर जॅक डेम्प्सी. १९१९ ते १९२६ हेवीवेट जगज्जेता असलेल्या मुष्टियोद्ध्याच्या नावाचा मासा मी भाऊंच्या घरात पाठवावा, असं त्या दुकानदाराला वाटतच कसं होतं?

शेवटी सिल्व्हर डॉलर पसंत पडले. थाळीसारखे गोल, चकचकीत, पिरान्हाचे चुलत भाऊ आणि तरीही मुख्यतः शाकाहारी. हे ऐकून बायको खूश झाली. आमच्या सोसायटीत अशा माणसाला फ्लॅट लगेच मिळतो. हे एकटे ठेवले तर भेदरतात, म्हणून सहा घेतले. सोबत एक सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटून राहणारा मासा. सकरच्या अंगावर हाडांच्या प्लेटांचं चिलखत असतं, ते त्याला लागणार होतंच. "कुछ नहीं होगा साहब, दो दिन में दोस्ती हो जाएगी," दुकानदार पिशवीला रबर लावताना म्हणाला.

आता नवे मासे थेट टाकीत सोडायचे नसतात. जुन्या माशाला आपली हद्द पाठ असते, ती मोडावी लागते. म्हणून भाऊंना बाहेर काढून बादलीत ठेवायचं, दगड-मडकी इकडची तिकडे करायची, नवे मासे आधी सोडायचे, दिवा बंद ठेवायचा आणि भाऊंना पोटभर जेवू घालून सगळ्यात शेवटी आत घ्यायचं. म्हणजे त्यांना वाटतं आपणच पाहुणे आहोत. हा बेत मी रात्री जेवणानंतर अमलात आणला. बादली हॉलच्या मधोमध, आत भाऊ, वर पोळपाट, कारण ते उडी मारतात. आईला बाथरूमला जायचं होतं, ती वाट अडली. भाऊ पोळपाटाला खालून धडका देत होते.

आत गेल्यावर भाऊंनी थोडा वेळ खरंच पाहुण्यासारखा काढला. मग त्यांनी रेती तोंडाने उचलून मूळ जागी न्यायला सुरुवात केली. सकाळपर्यंत टाकीचा नकाशा त्यांच्या पद्धतीने पूर्ववत होता आणि सहाही डॉलर फिल्टरमागे एकावर एक रचल्यासारखे उभे होते. एकाची शेपटी अर्धी. सकर काचेला चिकटून होता. भाऊंनी त्याला तोंडाने धरून पाहिलं, चिलखत लागलं, सोडून दिलं.

ऑफिसमधले एक सहकारी मुलुंडला आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड पाळतात. त्यांचा सल्ला उलटाच होता. म्हणाले, "गर्दी वाढवा. आमच्याकडे मुद्दाम दाटी ठेवतात. इतके मासे असले की नेमका कोणाला मारायचा तेच कळत नाही, मार सगळ्यांत वाटला जातो." मला हे ताबडतोब पटलं, सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दारात उभं राहिलेल्या कुठल्याही माणसाला पटेल. पण त्या दाटीला मोठी टाकी आणि दणकट फिल्टर लागतो, शिवाय मलावीच्या माशांना कठीण, अल्कधर्मी पाणी हवं आणि आमच्या नळाला येतं ते तलावांचं, मृदू. भाऊंची तर गोष्टच वेगळी. त्यांना दाटीत गोंधळायला होत नाही. ते रांगेने घेतात.

पाण्याचं काम मात्र वाढलं. मासे जास्त म्हणजे घाण जास्त, घाण जास्त म्हणजे अमोनिया जास्त, म्हणजे सारखं पाणी बदला. मुंबईचं बरंचसं पाणी आमच्या भांडुपच्याच केंद्रात शुद्ध होतं, त्यात क्लोरिन असतं. माणसाला ते चांगलं, माशाच्या कल्ल्यांना वाईट. म्हणून बादल्या भरायच्या, क्लोरिन मारायचं औषध टाकायचं, त्या बादल्या हॉलमध्ये ओळीने ठेवायच्या आणि त्यांच्यामधून चहाचा कप घेऊन चालायचं. बायको म्हणाली, "भाऊंची सोय होतेय ते ठीक आहे, पण मी पाय कुठे ठेवू?"

अखेर टाकीत भोकांची जाळी घालून पार्टिशन केलं. मोठा भाग भाऊंना आणि चिलखतवाल्या सकरला, उरलेला डॉलर मंडळींना. डॉलर दुसऱ्या दिवशी फिल्टरमागून बाहेर आले, काकडीचे काप खाऊ लागले. भाऊंनी जाळीला दोन धडका दिल्या, मग मडक्याजवळ जाऊन रेती उकरत बसले. माझ्या अंदाजाने ते आता पूर्वीइतकेच सुखी होते, आणि जागा फक्त अडीच फूट उरली होती. मुंबईत हे होतं.

रविवारी काकू वाटी परत करायला आल्या. टाकीपुढे थांबल्या. पलीकडचे सहा जण पाहिले, अलीकडचे भाऊ पाहिले, सकर त्यांना नेहमीप्रमाणे दिसलाच नाही.

"अगंबाई," काकू हळहळल्या, "त्या बाजूला एवढी माणसं आणि हे परत एकटेच?"

आई दिवाणावरून उठून बसली.

"तुमच्या घरात किती जण गं?"

"सात."

"मग एखादा पाठव इकडे," आई म्हणाली. "बघू भाऊ काय म्हणतात."