लग्नाआधीची तपासणी आणि पडवीतलं ताट

गेल्या महिन्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला. एका भाच्यानं लिहिलं, "पत्रिका राहू द्या, लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी सक्तीची करा." बहुतेकांनी त्याची री ओढली. आजार लपवून लग्न लावलेल्या मुली आपण पाहिल्यात, त्यामुळे मागणीमागचं दुःख मला कळतं. तरी मी विरोधात लिहिलं, ते चुलत वहिनीमुळे.

तिला दिवस गेले तेव्हा ग्रामीण रुग्णालयात इतर तपासण्यांबरोबर हीही झाली. रिपोर्ट आधी तिचा आला, म्हणून रोग तिनंच आणला असं ठरलं. दादाला तपासायला न्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. तिचं ताट आणि पेला मागच्या पडवीत गेले. दादा गेल्यावर वर्षश्राद्धापर्यंतही थांबले नाहीत, लेकीसकट माहेरी धाडलं. आज ती तालुक्याचं केंद्र सोडून शेजारच्या जिल्ह्यात गोळ्या आणायला जाते, कारण तालुक्याचा शिपाई आमच्याच गावचा. एसटीत खुळखुळू नये म्हणून बाटलीत कापूस कोंबते. सरकार 2004 पासून औषध फुकट देतं. भाडं आणि बुडालेली मजुरी तिच्या अंगावर.

मी मँचेस्टरला असते. इथे 2022 पासून रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात रक्त घेतलं की, तुम्ही नको म्हटलं नाही तर, एचआयव्हीही तपासतात. पोटदुखीसाठी गेले तेव्हा माझंही रक्त तसंच गेलं. नवऱ्याला कुणी काही कळवलं नाही. इथेही बायका घाबरतात, विशेषतः आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या. चर्चमध्ये किंवा मंडळात कळलं तर काय, ही धास्ती असतेच. पण पगार तिच्या खात्यात येतो, घराचा करार तिच्या नावावर असतो. तिला पडवीत बसवणार कोण?

आपल्याकडेही एचआयव्ही-एड्सबद्दल 2017 चा कायदा आहे, 2018 पासून लागू. संमतीशिवाय तपासणी नाही, माहिती फोडायची नाही, आणि राहत्या घरातून काढता येत नाही. भाच्याची सक्ती त्यात बसतच नाही. ग्रुपवर एकालाही हे ठाऊक नव्हतं. औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर तो शरीरसंबंधातून पसरत नाही, हे तर कुणी ऐकलंही नव्हतं. वहिनीची लेक निगेटिव्ह आहे, नववीत शिकते.

"मग आत्या, मुलींनी करायचं तरी काय?" भाच्यानं विचारलं.

दोघांनी मिळून, आपणहून जावं, आणि कागद एकमेकांनाच दाखवावा, असं मी लिहिलं. गरोदर बाईबरोबर नवऱ्याचीही तपासणी व्हावी, यासाठी पाठपुरावा करा, हेही. वडिलोपार्जित जमिनीत दादाचा हिस्सा होता. तो आता वहिनीचा आणि तिच्या लेकीचा आहे. काकांना हे वाचून राग येईल. डिसेंबरात मी येतेय, वारसनोंदीचा अर्ज घेऊन तिच्याबरोबर तलाठ्याकडे जाणार आहे.